गुंठा घेण्याआधी आकाश बघा

गेल्या महिन्यात नेसरीहून भाच्याचा फोन आला. "मामा, जागा बघून आलोय. लोहगावला. एक गुंठा हाय. विमानतळाची भिंत तिथनं दिसतीय बघा!" भिंत दिसते, हीच त्याच्या दृष्टीने जागेची सर्वांत मोठी जमेची बाजू होती. दलालाने त्याला तसे पटवले होते. विमानतळ जवळ म्हणजे भाव चढणार, रस्ता होणार, दिवे येणार, पाच वर्षांत पैसे दुप्पट! भाच्याला लोहगाव विमानतळावर मालाची चढ-उतार करणाऱ्या एका ठेकेदाराकडे काम लागले आहे. पगार बेताचा, पण महिन्याच्या महिन्याला मिळतो. आईच्या नावची ठेव मोडायची, बायकोचे गंठण गहाण ठेवायचे आणि विसार द्यायचा, इथपर्यंत त्याची तयारी झाली होती.

मी म्हणालो, "थांब. आधी एवढंच सांग, जागा कोणत्या वारी बघितलीस?"

"रविवारी."

रविवारीच दाखवतात! वीसहून अधिक वर्षे मी विश्रांतवाडीत राहतो आहे. लढाऊ विमाने रविवारी सहसा उडत नाहीत. प्रवासी विमाने येतात-जातात, त्यांचा आवाज माणूस दोन-चार दिवसांत विसरतो. सोमवारी सकाळी सुखोईची जोडी धावपट्टीवरून सुटते, तेव्हा समोरचा माणूस काय बोलतो ते फक्त त्याच्या ओठांवरून कळते. दलालाला हे ठाऊक असते. गावाहून आलेल्या माणसाला सुट्टी रविवारची असते आणि दलालाला गिऱ्हाईक रविवारचे हवे असते. व्यवहार असा जुळतो.

नेसरी म्हटले की महाराष्ट्राला १६७४ सालचे प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती आठवतात. नेसरीच्या आमच्या वस्तीतल्या पोरांना मात्र आधी मुंबईची गाडी आठवायची आणि आता पुण्याची आठवते. घटप्रभेच्या काठी ऊस आहे, पण ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याला उसाचा काय उपयोग? म्हणून पोरे शहरात येतात, आणि शहरात जी जागा स्वस्त असेल तिकडे ओढली जातात. जागा स्वस्त का आहे, हे विचारण्याची उसंत त्यांना कोणी देत नाही. ती विचारायची कशी, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

लोहगावचा तळ आजचा नव्हे. ब्रिटिशांनी १९३९ साली तो उभारला. मुंबईचे हवाई संरक्षण हा त्यामागचा हेतू होता. १९४७ मध्ये तो भारतीय वायुदलाकडे आला. १९९७ साली सुखोई-३० विमाने देशात पहिल्यांदा दाखल झाली ती इथेच, आणि २७ सप्टेंबर २००२ रोजी सुखोई-३० एमकेआय या सुधारित विमानांचा ताफाही इथेच वायुदलात सामील झाला. राष्ट्रपती असताना डॉ. अब्दुल कलाम यांनी २००६ मध्ये आणि प्रतिभाताई पाटील यांनी २००९ मध्ये ज्या सुखोईतून उड्डाण केले, ते याच धावपट्टीवरून. सांगायचे एवढेच, की तळ आधी आला आणि टिंगरेनगर, धानोरी, विमाननगर ही दाट वस्ती बहुतांशी नंतर आली. त्यामुळे "वायुदलाने आमची झोप उडवली" अशी तक्रार करताना आपण थोडे प्रामाणिक असले पाहिजे. वायुदल आपले काम करते आहे. प्रश्न आहे तो हे सारे माहीत असूनही न सांगता जागा विकणाऱ्याचा आणि डोळ्यांवर कातडे ओढून परवानग्या देणाऱ्याचा.

आता आवाजाविषयी. पहिल्या आठवड्यात मांडणीवरची भांडी थरथरतात, खिडकीची तावदाने वाजतात, पाळण्यातले मूल दचकून उठते. मोठी माणसे महिनाभरात सरावतात. म्हणजे काय होते? तर बोलताना मध्येच थांबायची आणि विमान गेल्यावर तेच वाक्य पुढे न्यायची सवय लागते. आमच्या गल्लीत हे इतके अंगवळणी पडले आहे की पाहुण्याला वाटते, ही माणसे बोलता बोलता विचारात पडतात. रात्रीची उड्डाणे असतात तेव्हा मात्र कोणी सरावत नाही. रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्याचे हाल तर विचारू नका, आणि भाच्याचे काम नेमके पाळीचे आहे.

मुले सरावतात, हे तर अजिबात खरे नाही. जर्मनीतल्या म्युनिक शहराचा जुना विमानतळ १९९२ साली बंद झाला आणि दुसरीकडे नवा सुरू झाला. संशोधकांनी दोन्ही ठिकाणची शाळकरी मुले आधी आणि नंतर तपासली. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन आणि स्मरण मागे पडले. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचे, आवाज थांबल्यावर, सुधारले. ज्यांच्या घरात शिकणारी ही पहिली किंवा दुसरी पिढी आहे, त्यांनी या गोष्टीकडे हसून बघू नये. आपल्याकडे पोरगे अभ्यासात मागे पडले तर आपण पोराला दोष देतो, मास्तरला दोष देतो, आकाशाकडे कोणी बघत नाही. म्हणून भाच्याला मी सांगितले, घर बघायच्या आधी शाळा बघ. वर्ग कोणत्या बाजूला आहेत ते बघ. धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तिच्या दोन्ही टोकांच्या रेषेत विमाने सर्वांत खाली असतात, आणि रेषेपासून उत्तरेला किंवा दक्षिणेला एक-दोन किलोमीटर सरकले तरी फरक पडतो.

कायद्याचा आधार मिळेल काय? ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. विमानतळांच्या आवाजासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये वेगळे निकष केले, पण त्यातून लष्करी विमाने वगळली. म्हणजे सुखोईविरुद्ध डेसिबल मोजून काही हाती लागायचे नाही. जपानमधील ओकिनावा बेटावर अमेरिकेचा कादेना हवाई तळ आहे. तिथल्या सुमारे २२ हजार रहिवाशांनी आपल्याच सरकारविरुद्ध दावा लावला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये नाहा येथील न्यायालयाने त्यांना सुमारे ३० अब्ज येन भरपाई मंजूर केली. उड्डाणे थांबवायला मात्र त्या न्यायालयानेही नकार दिला. आपल्याकडे भरपाईचाही असा रस्ता कोणी मोकळा केलेला नाही. तेव्हा जो काही विचार करायचा तो आधीच केलेला बरा.

परंतु आवाज हा लहान धोका आहे. मोठा धोका कागदात आहे.

संरक्षण बांधकाम कायदा १९०३ सालचा आहे. या कायद्याखाली अधिसूचना निघाली की तळाच्या हद्दीपासून ठरावीक अंतरात बांधकामाला बंदी किंवा मर्यादा येते. हे अंतर साधारणपणे १०० मीटर असते. जिथे बाँब आणि दारूगोळा साठवलेला असतो त्याच्याभोवती ते काही ठिकाणी ९०० मीटरपर्यंत जाते. ९०० मीटर म्हणजे नेसरीच्या स्टँडवरून निघून चांगले दहा-बारा मिनिटे चालणे! या पट्ट्यातली जमीन मालकाच्या नावावर असते, सातबाऱ्यावर नाव स्पष्ट असते, कर भरलेला असतो, पण तिच्यावर घर बांधता येत नाही. म्हणूनच ती स्वस्त असते. दलाल सातबारा दाखवतो तो खोटा नसतो. खोटे असते ते त्याचे मौन.

त्याखेरीज उंचीचे बंधन आहे. विमानांच्या सुरक्षिततेसाठी केंद्राने २०१५ साली उंचीचे नियम केले. त्यानुसार विमानतळाभोवती ठरावीक अंतरापर्यंत मनाला येईल तेवढे मजले चढवता येत नाहीत, आणि लष्करी धावपट्टी असेल तर वायुदलाचा ना-हरकत दाखला लागतो. एक मजला आता, दुसरा पोराच्या लग्नात, असा ज्याचा बेत असेल त्याने दुसऱ्या मजल्याची परवानगी आजच विचारून ठेवावी.

गुंठेवारीचे काय, असे भाच्याने विचारले. प्रश्न योग्य होता. २००१ सालच्या गुंठेवारी कायद्याने जुनी बांधकामे नियमित करण्याची सोय केली आणि २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवून दिली. पण महापालिकेने गुंठेवारी नियमित केली म्हणून संरक्षण खात्याचे बंधन उठत नाही. एक कायदा राज्याचा, दुसरा केंद्राचा. अधिसूचनेनंतर परवानगीविना बांधलेले घर पाडायची वेळ आली, तर भरपाई मागायला तोंड राहत नाही. आणि नोटरीच्या कागदावर घेतलेला गुंठा हा तर मालकीच नव्हे. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले खरेदीखत हवे, नाहीतर पैसे गेले समजा.

मग करायचे काय? भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्यायची आणि तळाच्या भिंतीपासून गटाचे अंतर कागदावर आणायचे. महापालिकेकडून झोन दाखला घ्यायचा. लोहगावचा राहिलेला भाग ऑक्टोबर २०१७ पासून पुणे महापालिकेत आहे, त्यामुळे "इथं अजून ग्रामपंचायतच चालते" असे कोणी सांगितले तर तिथूनच परत फिरायचे. आणि या गटावर संरक्षण कायद्याचे बंधन आहे काय, असा सरळ प्रश्न माहिती अधिकारात महापालिकेला विचारायचा. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते. महिनाभर थांबावे लागते. दलाल म्हणतो, "महिनाभरात जागा जाईल." जाऊ द्या! जी जागा एक महिना थांबू शकत नाही, तिच्यात काहीतरी आहे हे नक्की.

आपली माणसे इतकी घाई का करतात, याचे कारण मला माहीत आहे. सहा महिने भाड्याने राहून बघ आणि मग घे, हा सल्ला द्यायला सोपा आहे. पण भाड्याचे घर शोधायला गेल्यावर नाव विचारतात, मग आडनाव विचारतात, मग गाव विचारतात, आणि मग "कालच दिलं हो घर" असे सांगतात. हा अनुभव एकदा घेतलेला माणूस म्हणतो, पत्र्याचे असो पण स्वतःचे असो. त्या एका जिद्दीवर दलालांचा धंदा चालतो. जुन्या गावात आपली जागा गावकुसाबाहेर होती. नव्या शहरात ती तळाच्या भिंतीबाहेर, नाल्याच्या कडेला, कचरा डेपोच्या पलीकडे निघते, आणि या खेपेला तिचे पैसे आपणच मोजतो.

दलालाचे आणखी एक ठेवणीतले वाक्य आहे: "पुरंदरला नवा विमानतळ होतोय, मग इथला आवाज बंद." हे साफ चूक आहे. पुरंदरचा विमानतळ व्हायचा तेव्हा होईल. तिथल्या सात गावांतल्या शेतकऱ्यांनी जमीन द्यायला विरोध केला होता. तो झाला तरी प्रवासी विमाने हलतील. वायुदल लोहगावातच राहणार. उलट लोहगावची धावपट्टी वाढवायला आणखी जमीन घ्यायची चर्चा कित्येक वर्षे चालू आहे. तेव्हा टोकाकडच्या जागा घेणाऱ्याने संपादनाचाही विचार करावा.

भाच्याच्या बायकोच्या मनात घरापुढे चिकनचे छोटे दुकान टाकायचे आहे. बाई हुशार आहे, गावाकडे कोंबड्या पाळून तिने दोन पैसे गाठीला बांधले. पण १९३७ सालच्या विमान नियमांतला ९१ वा नियम तिला कोणी सांगितलेला नाही. विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत जनावर कापणे, सोलणे किंवा पक्षी गोळा होतील असा कचरा टाकणे यांवर त्यात निर्बंध आहे. मोडणाऱ्याला दंड आणि तुरुंगवासाची तरतूद आहे. कारण खरे आहे. घार किंवा गिधाड इंजिनात गेले तर विमान पडू शकते. रीतसर परवाना आणि कचऱ्याची बंदिस्त सोय केली तर दुकान चालवता येते, पण त्याला खर्च येतो. आणि कारवाईची वेळ आली की ती आधी कोणावर होते? बंगळुरूजवळ येलहंका तळावर हवाई प्रदर्शन भरते, तेव्हा २०२३ मध्ये दहा किलोमीटरच्या परिसरातली मांसाची दुकाने आणि मांसाहारी जेवण तीन आठवडे बंद ठेवायला लावले. २०२५ मध्ये पुन्हा तेच, तेही वाढीव अंतरासह. त्या तीन आठवड्यांचे भाडे दुकानदाराला कोणी माफ केले असेल असे वाटत नाही. शहराचा उघडा कचरा मात्र जिथे पडतो तिथे पडतच असतो आणि घारी त्यावर फिरतच असतात.

रोजगाराचीही एक गोष्ट सांगून ठेवतो. लोहगावची धावपट्टी वायुदलाची आहे, प्रवासी विमाने तिथे पाहुणी आहेत. १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस दुरुस्तीसाठी धावपट्टी बंद होती आणि एकही प्रवासी विमान उडाले नाही. कायम नोकरीवाल्याला पगार मिळाला. ठेकेदाराकडच्या हमालाला, टॅक्सीवाल्याला, चहाच्या टपरीला तेव्हा काय मिळाले असेल? विमानतळावर काम आहे म्हणून विमानतळाजवळच कर्ज काढणाऱ्याने असे दिवस हिशेबात धरावेत. तळाच्या भिंतीशी मोबाईलवर फोटो काढू नयेत, ड्रोन तर उडवूच नये, हे पोरांना पहिल्या दिवशीच सांगावे. नातेवाइकांना दाखवायला म्हणून काढलेला फोटोही चौकशीला कारण होतो, आणि चौकशीत आपल्या पोराला कोण सोडवायला येणार?

अपघाताचा विषय अवघड आहे. भीती घालायची माझी इच्छा नाही. १३ डिसेंबर २०११ रोजी वाडे बोल्हाईजवळ आणि १४ ऑक्टोबर २०१४ रोजी थेऊरजवळ सुखोई विमाने पडली. दोन्ही वेळा वैमानिक बाहेर पडून वाचले आणि विमाने शेतशिवारात कोसळली. शेत होते म्हणून निभावले. आज पुण्याच्या पूर्वेला ते शिवार झपाट्याने भरत चालले आहे. २१ जुलै २०२५ रोजी ढाक्यात बांगलादेशच्या वायुदलाचे सरावाचे विमान एका शाळेवर कोसळले आणि तीसहून अधिक जीव गेले, त्यांतली बहुतेक मुले होती. वैमानिक चुकला की यंत्र, हा वेगळा प्रश्न. पण तळाभोवती मोकळी जागा का सोडायची असते, याचे उत्तर त्या शाळेच्या पटांगणात मिळाले. १९०३ च्या कायद्याचे शंभर मीटर आपल्याला जाचक वाटतात, ते आपल्याही जिवासाठी आहेत हे मी भाच्याला बजावून सांगितले. तो बराच वेळ गप्प होता.

मग म्हणाला, "मामा, मग सांबऱ्याला जाऊ का? तिथंबी एकजण काम देतो म्हणालाय."

बेळगावचे सांबरे नेसरीकरांना पुण्यापेक्षा कितीतरी जवळ. सोयरिकी तिकडे, बाजार तिकडे. तिथेही वायुदलाचा तळ आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली ब्रिटिशांनी ती धावपट्टी बांधली. आज तिथे वायुसैनिकांची प्रशिक्षण संस्था आहे. लढाऊ विमानांचा कायमचा ताफा तिथे नसतो, त्यामुळे लोहगावसारखा कानठळ्या बसवणारा रोजचा आवाज नाही. हवाई तळ म्हटले की सगळे सारखे नसतात, हे यासाठीच ध्यानात घ्यायचे. ओझरला विमाने बांधतात आणि दुरुस्त करतात, गोव्यात दाबोळीला नौदलाची लढाऊ विमाने असतात, नागपूरला देखभाल कमानीचे मुख्यालय आहे. तळावर कोणती विमाने आहेत, यावर शेजाऱ्याचे आयुष्य ठरते. बेळगावशी आपले नाते आणखी एका कारणाने आहे. १९४१ च्या ऑक्टोबरात महार रेजिमेंटची पहिली बटालियन तिथेच उभी राहिली, आणि त्याच वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर गेले होते.

पण सांबरे कर्नाटकात आहे! तिथे जाताना आवाजापेक्षा जातीचा दाखला आधी आठवायचा. महाराष्ट्रातून दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्या अनुसूचित जातीच्या माणसाला त्या राज्यातल्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही. तीच जात दोन्ही राज्यांच्या यादीत असली तरीही नाही. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रवेशाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते, त्यात १९९० साली हा निकाल झाला, आणि २०१८ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केले. केंद्र सरकारच्या देशपातळीवरच्या भरतीत आरक्षण मिळते, पण कर्नाटकची शासकीय नोकरी, तिथल्या वैद्यकीयच्या राज्य कोट्यातल्या जागा, तिथली शिष्यवृत्ती यांवर पाणी सोडावे लागते. सीमेच्या अलीकडे नेसरी, पलीकडे सांबरे, मधे एसटीचा थोडासा प्रवास आणि पोराच्या हक्कात एवढे अंतर! पुण्याला गेला तर हा प्रश्न येत नाही, राज्य तेच राहते. तरीही १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे नेसरीचेच लागतात आणि दाखला गडहिंग्लजच्या प्रांत कार्यालयातूनच काढावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, गावचा जुना उतारा, जे असेल ते काढून ठेव, दोन्ही पोरांचे दाखले गाव सोडायच्या आधी हातात घे, असे मी त्याला तीनदा सांगितले. पुण्यात राहून सुट्ट्या काढून गडहिंग्लजच्या फेऱ्या मारणारे मी कितीतरी पाहिले आहेत.

भाच्याने विसार दिलेला नाही. माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहून दिला आहे, उत्तर यायचे आहे. दलाल रोज फोन करतो. या रविवारी भाचा पुन्हा जागा बघायला यायचे म्हणत होता, मी त्याला मंगळवारी यायला सांगितले आहे. सोबत दोन्ही लेकरांना आण म्हटले. सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत आम्ही चौघे त्या गुंठ्यावर सतरंजी टाकून बसणार आहोत. जेवणाचा डबा घरून नेऊ. धाकटीला तिथेच दुपारी झोपवून बघू.